ताई फूड

आई धंतोलीतल्या दवाखान्यात भरती होती, तेव्हा मी समोरच्या हातगाडीवर जेवायचो. गाडीवाली बाई थाई करी विकायची, पण पेंटरने पाटीवर 'ताई फूड' लिहून ठेवलं होतं. नारळाच्या दुधातली हिरवी करी ती भातावर वाढायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून न मागता आणखी एक डाव घालायची.

"पाटी दुरुस्त काहून नाही केली?" मी एकदा विचारलं.

"राहू द्या ना जी. थाई वाचून मानसं बिचकतेत. ताई वाचून जवळ येतेत."

दवाखान्यातून घरी आल्यावर आईने विचारलं, "इतके दिवस जेवत कुठी होता गा?"

"ताईकडे."

मी एकुलता एक. आई म्हणाली, "मंग तिले एखाद दिवस आपल्या घरी जेवाले बोलाव."