फोटो माझा, गाव जौनपूर

माझ्या लग्नाची बोलणी पोलीस चौकीत झाली. आमच्या घराण्यात अशी पद्धत नाही.

आम्ही मूळचे भिवंडीतल्या कामतघरचे. आजोबांची भातशेती होती, तिच्यावर बाबांनी चाळ बांधली आणि चाळीत कापडाच्या लूमवर काम करणारे भाडेकरू आले. त्यामुळे आमच्याकडे आईबापाशी मराठी आणि उरलेल्या जगाशी हिंदी, अशी वाटणी होती. (भिवंडीत हिंदी शिकावी लागत नाही. सर्दीसारखी होते.)

बाबांना एकच छंद. भाडेकरूंना कागदपत्रांवर व्याख्यान देणे! रविवारी नळावर गर्दी जमली की बाबा पायरीवर उभे राहत.

"देखो, परमुलुख में आदमी को पाकिट में क्या क्या रखना मंगता? गाव का इलेक्शन कार्ड! लूमवाले सेठ का चिठ्ठी! घरमालक का चिठ्ठी! ओरिजनल घर में, झेरॉक्स पाकिट में. समझा क्या?"

"नहाते वक्त भी, चाचा?" रामसूरत विचारायचा. तो कोपऱ्यातल्या खोलीत राहायचा. जौनपूरकडचा, दाट मिशीचा, माझ्याच वयाचा. तो हे इतक्या गंभीरपणे विचारायचा की बाबाही गंभीर व्हायचे.

"नहाते वक्त खिडकी में रखने का. हात पोचना मंगता."

व्याख्यानाला कारणही होतं. गावात जरा कुठे बंदोबस्त लागला की शिफ्ट सुटून घरी निघालेल्या एखाद्याला पोलीस थांबवत. तो बिचारा सुताच्या कणांनी पांढरा झालेला, खिशात बिडीशिवाय काही नाही. मग बाबा बनियनवर शर्ट चढवत चौकीत जायचे आणि 'हा आमचाच माणूस' असं सांगून त्याला परत आणायचे. येताना रस्ताभर व्याख्यान.

यावर कायमचा उपाय मी काढला. मी नुकताच बी.कॉम. होऊन एका गोदामात सुपरवायझर लागलो होतो, त्यामुळे मला डोकं आहे असा घरात गैरसमज होता. मी गोदामाच्या कॉम्प्युटरवर चाळीतल्या प्रत्येकाचं ओळखपत्र तयार केलं. फोटो, नाव, मूळ गाव, सध्याचा पत्ता, काम, घरमालकाचं नाव, आणि खाली ठळक अक्षरात, 'मी या इसमास व्यक्तिशः ओळखतो.' त्याखाली बाबांची सही. बाबा एकेका कार्डावर अशी सही करत होते, जणू माणसाला अमेरिकेला पाठवतायत!

नमुना म्हणून मी माझंही कार्ड करून घेतलं.

फोटो चिकटवून लॅमिनेशन करायचं काम नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दिलं. लोडशेडिंग सुरू व्हायच्या आत मशीन गरम असतानाच सगळं काढायचं म्हणून त्याने जरा घाई केली. रामसूरतने आपलं कार्ड घेतलं आणि न बघताच खिशात टाकलं. वाचायचं पोलिसांनी, आपण फक्त बाळगायचं, असं त्याचं म्हणणं. मी मात्र माझं कार्ड नीट निरखलं. म्हणजे फोटो निरखला. छान आला होता. पुढचं वाचलं नाही. स्वतःविषयी माणूस काय वाचणार?

त्याच आठवड्यात मला अंजूरला मुलगी बघायला जायचं होतं. स्थळ मामाने आणलेलं. दोन्हीकडच्यांना ओळखणारा तो एकटाच. तिकडच्यांनी माझा फक्त फोटो पाहिला होता, आणि स्टुडिओवाल्याने त्यात मला बराच उजळ केलं होतं. मामा वज्रेश्वरीला देवीचं दर्शन घेऊन परस्पर अंजूरला येणार होता. मी आणि बाबा इस्त्रीचे कपडे घालून, मिठाईचा पुडा घेऊन, रिक्षाने निघालो.

फाट्यावर नाकाबंदी होती. हवालदाराने रिक्षात डोकावून पाहिलं आणि खरं म्हणजे हातानेच 'जा' म्हटलं होतं. पण बाबांना राहवेना.

"थांबा साहेब! बघून तरी घ्या. आमच्याकडे सगळं शिस्तीत असतं. रमेश, दाखव तुझं कार्ड!"

मी दाखवलं. हवालदाराने कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"काय रे रामसूरत," तो म्हणाला, "कुठं चाललास?"

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, रामसूरत आलाय!

कार्डावर फोटो माझा होता. बाकी सगळा रामसूरत होता. मूळ गाव जिल्हा जौनपूर, काम लूम कामगार.

"साहेब, हा माझा मुलगा," बाबा म्हणाले.

"आणि ही सही कुणाची?"

"माझीच!"

"इथं लिहिलंय की तुम्ही घरमालक आणि हा भाडेकरू. शिवाय तुम्ही याला व्यक्तिशः ओळखता." हवालदार शांतपणे म्हणाला. "म्हणजे एकतर तुम्ही लिहिताना खोटं बोललात, नाहीतर आत्ता बोलताय. कधी ते सांगा, म्हणजे तसं लिहून घेतो."

बाबा कार्ड डोळ्यांजवळ धरून स्वतःचीच सही तपासू लागले. हवालदाराने मग माझ्याकडे मोर्चा वळवला. "तू बोल. तू कुठला?"

मी घाबरलो. घाबरलो की माझ्या तोंडून नेहमी गोदामातली भाषा येते.

"साब, अपुन इधरकाच है!"

बाबांनी कपाळाला हात लावला.

"बरं, तुमचं स्वतःचं काही आहे का?" हवालदाराने बाबांना विचारलं. "रेशनकार्ड, इलेक्शन कार्ड, लायसन?"

बाबांकडे काहीच नव्हतं! इतकी वर्षं त्यांनी सगळ्या चाळीला उपदेश केला, पण स्वतःच्या खिशात विड्याचं पान सोडून कधी काही ठेवलं नाही. "मला कशाला लागतंय?" ते उसळले. "मी इथला आहे! तुम्ही कुठले?"

"सांगलीकडचा."

"भिवंडीत कधी आलात?"

"गेल्या महिन्यात."

"मग परमुलुखातले तुम्ही! कागद तुम्ही दाखवा!"

यानंतर आम्हाला चौकीत बसवण्यात आलं. मिठाईचा पुडा टेबलावर ठेवून घेतला.

मामाचा मोबाईल लागत नव्हता. शेवटी मी आमच्या घरचा नंबर दिला. हवालदाराने फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. आईला बाबांनी पक्कं पढवलेलं होतं, की चौकीतून फोन आला तर घाबरायचं नाही, भाडेकरूच्या बाजूने ठाम उभं राहायचं.

"रामसूरत कोण?"

"आमचाच माणूस हाय, साहेब. कागद पुरे हायेत. गरीब हाय, सोडा त्याला."

"आणि रमेश म्हणून कोणी आहे का?"

"हाय की, पोरगा माझा. पण तो काय चौकीबिकीत जाणारा न्हाय. तो पोरगी बघायला गेलाय."

आणि फोन ठेवला! आता हवालदाराची पक्की खात्री झाली, की रमेश अंजूरला पोचलाय आणि समोर बसलाय तो रामसूरतच.

"मग अंजूरलाच विचारू," तो म्हणाला. बाबांनी पत्रिकेच्या पाकिटावरचा मुलीकडचा नंबर काढून दिला. सोयरीक जुळायच्या आधी मुलीच्या बापाने नवऱ्यामुलाला चौकीत येऊन ओळखायचं! वर त्यांनी मला कधी पाहिलेलंही नव्हतं!

थोड्या वेळाने एक स्कूटी आली. मागे पांढऱ्या टोपीतले दामूशेठ, म्हणजे मुलीचे वडील. त्यांना गाडी येत नव्हती, म्हणून चालवत होती ती मुलगीच. वैशाली. बघण्याच्या कार्यक्रमासाठी नेसलेली साडी खोचून, अबोलीचा गजरा वाऱ्याने एका बाजूला गेलेला. मी लाकडी बाकड्यावर बसलो होतो, शेजारी एक संशयित पाकीटमार. तो माझ्यापेक्षा बराच निवांत होता.

दामूशेठनी खिशातून माझा स्टुडिओतला फोटो काढला. मला उभं केलं, उजेडात नेलं, मान वळवायला लावली. बैल घेताना बघतात तसं.

"न्हाय," ते म्हणाले. "फोटोतला गोरा हाय. ह्यो तो न्हाय."

"बघा!" हवालदार म्हणाला.

"अहो, पावडर लावली होती फोटोत!" बाबा ओरडले. मुलीकडच्यांसमोर हे उघड करायची ही वेळ नव्हती, पण दुसरी वेळही येणार नव्हती.

इतक्यात वैशाली पुढे आली. तिने फोटो घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि वडिलांना म्हणाली, "दादा, हाच हाय."

"कशावरनं?"

"फोटोतपण असाच घाबरलेला हाय."

हवालदाराने पुन्हा फोटो पाहिला. मग मला पाहिलं. आणि पहिल्यांदाच त्याची मान होकारार्थी हलली. कागद, सही, जन्मदाता बाप, कशानेही जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं.

मग त्याने चहा मागवला, आमचाच पुडा फोडला, आणि कार्यक्रम तिथेच झाला. दामूशेठनी विचारलं, "मुलगा काय करतो?" बाबांनी तोंड उघडायच्या आत हवालदार कार्ड बघून म्हणाला, "लूम कामगार." वैशालीने मला विचारलं, "नाव काय?"

"रमेश."

"नक्की?"

"आई तरी तसंच म्हणते," मी म्हटलं. ती हसली. मामा पोचला तेव्हा सगळं ठरलं होतं.

घरी आल्यावर मी रामसूरतकडे गेलो. त्याच्या कार्डावर त्याचा मिशीवाला फोटो आणि खाली माझं नाव, राहणार कामतघर, घरमालकाचा मुलगा. मी ते परत मागितलं, तर त्याने दोन्ही हातांनी खिसा दाबून धरला.

"भैया, यही रहने दीजिए ना. कल नाके पर दिखाया. हवलदार बोला, 'जाओ सेठ.' पहली बार किसी ने सेठ बोला."

बाबा दारात उभे होते. त्यांनी हे ऐकलं. कार्ड बदलावं लागलंच, पण पुढच्या रविवारी नळावर व्याख्यान झालं नाही.

यथावकाश आमचं लग्न झालं. आता घरातली सगळी कागदपत्रं हिच्या पर्समध्ये असतात. बँकेत किंवा सरकारी कचेरीत कुणी मला विचारलं, "तुम्ही कोण?" तर मी खिसे चाचपू लागतो. तेवढ्यात ही पुढे होते आणि म्हणते, "माझ्यासोबत हाय."

साहेबांचं लगेच समाधान होतं. माझ्याकडे कुणी बघतही नाही.