लेकीच्या पायाचं माप

लहानपणी ती एका जागी बूड टेकत नसे म्हणून वडिलांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. पुढे ती गणिताची बाई झाली, लग्न झालं, एका मुलीची आई झाली, तरी ते नाव काही सुटलं नाही. वर्गातही ती खुर्चीवर कधी बसली नाही. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या मारत शिकवायची. एकाच शाळेत चौदा वर्षं असं शिकवल्यावर मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली आणि तिच्याहून सहा वर्षांनी धाकट्या सहकाऱ्याला मिळाली. भिंगरी कोणाशी भांडली नाही. घरी येऊन तिने परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय निवासी शाळेकडे अर्ज केला आणि निवड झाल्यावरच घरात सांगितलं.

नवरा शांत माणूस. पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर. नोकरी सोडून जाणं त्याला शक्य नव्हतं. तो म्हणाला, दोन वर्षं जाऊन ये, मनात अढी ठेवून इथे राहू नकोस. सासूबाईंनी मात्र तोंडावर बोलून दाखवलं, की नवऱ्याच्या मागे परदेशी जाणाऱ्या बायका पाहिल्यात, नवऱ्याला मागे ठेवून जाणारी ही पहिलीच. पण बोलून झाल्यावर नातीचा डबा, वेणी, आजारपण सगळं त्यांनीच अंगावर घेतलं. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. निरोप देताना ती रडली नाही, आणि त्याचंच भिंगरीला विमानात बसल्यावर रडू आलं.

नव्या शाळेने तिला मुलींच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर दोन खोल्या दिल्या आणि वसतिगृहाची देखभालही गळ्यात घातली. दहा-बारा देशांच्या बेचाळीस मुली. न्याहारीआधी हजेरी, शाळा सुटल्यावर हजेरी, जेवणाआधी हजेरी, आणि मधल्या वेळात गणिताचे चार तास. दिवसा तिच्या दाराला कडी लावायची नाही असा नियम होता. कोणाचं पोट दुखे, कोणाची मैत्रीण रुसे, कोणाचे मोजे धुलाईच्या खोलीत हरवत. हे सगळं तिला मनापासून आवडे. पण हात रिकामे झाले की तीच खोली खायला उठे. रविवारी दुपारी मुली मैदानावर गेल्या, की ती कपाट ढकलत खिडकीजवळ नेई आणि पुढच्या रविवारी परत जागेवर आणे. घरी फोन लावला की लेक पाच मिनिटं बोले. जेवण झालं, अभ्यास झाला, आजी बरी आहे. उत्तरं इतकी नीटनेटकी, की पुढचा प्रश्नच सुचू नये.

दोन वर्षं संपली तेव्हा मोठ्या मुलींची परीक्षा वर्षावर आली होती. त्यांना अर्ध्यावर कसं टाकायचं म्हणून तिने आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली आणि मग घरी कळवलं. नवरा "बरं" म्हणाला. त्या एका शब्दाने तिचे पुढचे आठ दिवस खाल्ले.

तिसऱ्या वर्षीच्या सुट्टीत ती घरी गेली ती लेकीसाठी पळायचे बूट घेऊन. लेक शाळेच्या संघातून धावू लागली होती. दोन तास दुकानात घालवून निवडलेले बूट पाहून लेक खूश झाली, पायात घालून जिन्यावरून दोनदा वरखाली पळालीसुद्धा. पाचव्या दिवशी भिंगरी आंघोळ करून बाहेर आली, तर सासूबाई नातीचा पाय मांडीवर घेऊन अंगठ्याला मलम लावत होत्या. दोन्ही अंगठे सोलवटले होते.

"तिला आता एकोणचाळीस नंबर लागतो," सासूबाई म्हणाल्या. "तू सदतीसचे आणलेस."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. भिंगरीने लेकीला विचारलं, मग पहिल्याच दिवशी सांगितलं का नाहीस?

"तू एवढ्या लांबून आणले होतेस ना," लेक म्हणाली.

सुट्टी संपवून ती परतली. त्या वर्षी वसतिगृहात तेरा वर्षांची एक नवी मुलगी आली होती. तिच्या आईचा फोन आला, की भिंगरी सांगायची: उकडलेलं अंडं खात नाही, पाण्याला भिते म्हणून मी पोहायच्या तलावावर तिच्याशेजारी उभी राहते, बूट साडेछत्तीसचे होते ते घट्ट होतायत, पुढचे घ्या. एकदा हे ऐकता ऐकता ती आई रडू लागली. म्हणाली, माझ्या मुलीचं मलाच काही माहीत नाही, तुम्हाला सगळं माहीत आहे. भिंगरीने तिची समजूत घातली, फोन ठेवला आणि मैदानाला फेऱ्या मारत सुटली. किती मारल्या ते गणिताच्या बाईलाही सांगता आलं नसतं.

जानेवारीत नव्या कराराचा कागद आला. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. या वेळी तिने आधी घरी फोन केला आणि लेकीलाच बोलावून घेतलं.

"मी परत येऊ का?"

लेक म्हणाली, "ये म्हटलं आणि इथे येऊन तू धुमसत राहिलीस तर? नको म्हटलं तर तुला वाईट वाटेल. ते तूच ठरव, आई. फक्त ठरवायच्या आधी बोलत जा. आम्हाला नेहमी नंतरच कळतं."

भिंगरीने सही केली नाही. शाळेचं वर्ष संपवून ती घरी आली.

घरी आल्या आल्या सगळं गोड झालं असं नाही. डब्यांच्या जागा बदलल्या होत्या, आणि स्वयंपाकघर सासूबाईंनी परत दिलं नाही ते नाहीच. लेक दार लावून अभ्यास करी, आणि बंद दारासमोर उभं राहायची भिंगरीला सवय नव्हती. जवळच्या शाळेत तिला पुन्हा गणित मिळालं, तरी पाय थाऱ्यावर येईनात. सकाळी लेक सरावाला निघाली की ही मागोमाग निघे. यायची गरज नाही, असं लेकीने तीन-चार वेळा बजावलं, मग बजावणं सोडून दिलं.

दोन वर्षांनी लेकीला दुसऱ्या शहरात कॉलेज मिळालं आणि वसतिगृह बघायची वेळ आली. लेक म्हणाली, "आई, तू चल. काय बघायचं ते तुलाच कळतं."

भिंगरी गेली. वसतिगृहाच्या बाईंना तिने हजेरी किती वेळा, आजारी मुलीजवळ कोण बसतं, जिन्यातला दिवा गेला तर कोणाला सांगायचं, असं विचारून भंडावून सोडलं. नवरा आणि लेक कंटाळून फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसले. ती अजून आतच होती. वरच्या मजल्यावरची स्नानघरं बघायची राहिली होती.