रझाकारात गेले

लातूरला बातमीदार असताना मी ज्या घरात भाड्यानं राहत होतो, त्या घरमालकीणबाईंचं बांगड्यांचं दुकान होतं. गल्ली त्यांना चाची म्हणायची. त्यांची नात अकरावीला होती, दिवसभर क्लासमध्ये असायची. तिथल्या मुली तिला 'रझाकाराची नात' म्हणत. गमतीनं म्हणतात, असं ती सांगे. डबा मात्र ती एकटीच खायला लागली होती.

तालुक्याच्या हुतात्मा स्मारकात राहिलेल्या नावांचा नवा फलक बसणार, ही बातमी मीच दिली होती. चाचींनी ती नातीकडून वाचून घेतली.

"अब्बांचं नाव लागलं पायजे. मग बघते कोण काय म्हणतंय."

रविवारी नातीला घेऊन त्या माझ्याबरोबर आल्या.

स्मारक म्हणजे एक सभागृह. एका भिंतीवर जुनी बंदूक आणि जळालेल्या घरांची छायाचित्रं, समोरच्या भिंतीवर भूकंपात गेलेल्यांची नावं. मध्ये पंख्याखाली पुस्तकं घेऊन बसलेली पोरं.

"हुतात्म्यांसाठी न्हाई, पंख्यासाठी येतेत," देखरेख करणारे निवृत्त गुरुजी म्हणाले. "समद्यांला डॉक्टर व्हायचंय."

चाचींनी सरळ विषय काढला. "माझे अब्बा रझाकारात गेले."

गुरुजी दचकले. "अन् त्यांचं नाव इथं लावू, मावशी?"

आमच्याकडं 'रझाकारात' हा काळही आहे, निजामाच्या शेवटच्या वर्षांचा. त्या काळात मेलेला रझाकारात गेला. टोळीत भरती झालेलाही रझाकारात गेला.

"भरती न्हाई हो. मेले. बांगड्या विकायचे."

"तसं सांगा की!" गुरुजी सैल झाले. "रझाकारांनी मारलं?"

हो म्हटलं असतं तर नाव लागलं असतं. पडताळायला कुणी उरलं नव्हतं. नात आजीकडं बघत होती.

"न्हाई," चाची म्हणाल्या. "दिल्लीची फौज आली, रझाकार पळाले. त्याच्यानंतर. गावानं मारलं."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग ते ह्यात बसत न्हाई, मावशी."

"त्या भिंतीवरच्यांला इचारलं का, कुणी मारलं म्हणून?"

"त्यो भूकंप हाय."

"हाव. भूकंपाला जात न्हाई."

पुस्तकं घेऊन बसलेल्या दोघांनी माना वर केल्या.

नातीला हे घरात कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं हळू विचारलं, "दादी, कोणत्या गावानं?"

"सुटीत जातीस ना आंबे खायला? त्याच."

फलक ठरल्याप्रमाणे बसला. त्याचीही बातमी मी दिली, चार ओळींची.

उन्हाळ्यात त्या गावाहून चाचींच्या भावाचं आंबे खायला बोलावणं आलं. क्लास आहे, जमणार नाही, असं नातीनं कळवलं. क्लासला तेव्हा सुटी होती.