मयताच्या गाण्यावर टाळ्या

"जरा हाथ दे तो. शेड मिलाना है."

मी हात पुढे केला. शाळेच्या सभागृहामागची मेकअपची खोली होती. गाण्याच्या वृंदातल्या बाया आरशासमोर बसल्या होत्या. एकीने माझं मनगट धरलं, आपल्या गोऱ्या दंडावर तपकिरी रंगाचा पट्टा ओढला आणि माझ्या हाताशी लावून पाहिला. अजून थोडा काळा पाहिजे म्हणाली. डबीत बोट फिरलं. पुन्हा पट्टा, पुन्हा माझा हात. मग दुसरी आली, मग तिच्यामागची. एकीने तर थँक्यूसुद्धा म्हटलं. शेवटची हसत म्हणाली, "तेरे को तो अच्छा है, कुछ लगाना ही नहीं पड़ेगा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

मी त्या शाळेत आया होते. वर्ग झाडायचे, फरशी पुसायची, बालवाडीच्या पोरांना संडासला न्यायचं. शाळा सुरतच्या पैसेवाल्या भागात, मी राहायला नवागामला. नवरा उधन्यात कापडाच्या लूमवर. आम्ही भील. माझा पाडा तळोद्याच्या वर, सातपुड्याच्या अंगाला. आईबाप ऊसतोडीला बारडोलीकडे आले आणि तिथून सुरतेत बिल्डिंगच्या कामावर. मी आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकले. आपल्या बोलीत बोललं की तिथे छडी बसायची. गाणं म्हटलं तर जास्त.

आईला आमच्यात याहा म्हणतात. माझी याहा सुरतेतच गेली, सरकारी दवाखान्यात. तिला पाड्यावर न्यायला जमलं नाही. इथेच जाळली. दिवस घालायला पाड्यावर जायचं होतं, पण शाळेतून रजा मिळेना. आणि आमच्या पाड्यावरच्या बाया मानतात की दिवस घालेपर्यंत माणूस घरी पोचत नाही, वाटेवर असतं. मग त्याला वाट दाखवायला एक गाणं म्हणतात. माणूस जिथे मेलं तिथून गाणं सुरू करायचं आणि त्याच्या दारापर्यंत न्यायचं. वाटेतला ओढा, टेकडी, मोठं मोहाचं झाड, सगळं त्यात घालायचं. नाव घ्यायचं आणि सांगायचं, ऊठ, निघ, मागे बघू नको. वाट प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून गाणं दरवेळी नव्याने जुळवावं लागतं.

याहाची वाट लांबची होती. पाड्यावरच्या कुठल्या बाईने सुरतेहून वाट काढली नव्हती. मीच काढली. दवाखान्याचं फाटक, उधना स्टेशन, रुळांवरचा पूल, व्यारा, नवापूर, नंदुरबार. मग तळोदा, मग घाट, मग आमचा ओढा. याहाला वाचता येत नव्हतं, स्टेशनावर चुकली तर कोणाला विचारणार? म्हणून मी फरशी पुसता पुसता रोज हळू आवाजात म्हणायचे.

मॅडमनी ते ऐकलं. मॅडम म्हणजे शाळेच्या ट्रस्टी. त्यांचा स्वतःचा वृंद होता. आसपासच्या बंगल्यांतल्या, फ्लॅटमधल्या बाया शाळेच्या सभागृहात जमून गायच्या. त्या वर्षी त्यांनी आदिवासींची गाणी घ्यायचं ठरवलं होतं. जंगल आणि शहर यांच्यात फार अंतर पडलंय, ते गाण्याने मिटवायचं, असं त्या सांगायच्या. माझ्या गाण्यात उधना आणि नवापूर ऐकून त्या हरखल्या. सुरत आणि सातपुडा एका गाण्यात, त्यांना हेच हवं होतं. त्यांनी फोनवर माझा आवाज भरून घेतला. तेव्हा माझ्या हातात पोछा होता.

मी लपवलं नाही. मयताचं गाणं आहे, आईसाठी म्हणते, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खूप सुंदर भावना आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, ऐकणाऱ्यांना कुठे कळणार आहे, आपण जरा लय वाढवू.

आणि मग माझ्या पोरीचं नाव काढलं. ज्योतीला पहिलीत घालायचं होतं. त्या शाळेत पायरीवर बसून ती वर्गाच्या खिडकीतून बघायची. ज्या वर्गाची फरशी मी पुसते त्या वर्गात माझी पोरगी बसेल, एवढं एकच स्वप्न मी सुरतेत पाहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, गाणं शिकव, कार्यक्रम होऊ दे, ज्योतीची सीट पक्की. रजाही त्यानंतर.

मी घरी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं होतं तो नको म्हणेल. तो जेवता जेवता म्हणाला, "गानंच शे ना? गाई टाक. पोरनी शाया मोठी शे."

गाण्यापेक्षा पोरीची शाळा मोठी. त्याचं काही खोटं नव्हतं. मी शिकवलं.

बाया खुर्च्यांवर, मी पेटीजवळ खाली. त्यांना कपातून चहा, मला कागदी ग्लासात. माझ्या याहाचा रस्ता त्यांनी पाठ केला. नवापूरनंतर टाळ्यांचा ठेका बसवला. घाटाच्या जागी "हो हो हो" घातलं, कारण आदिवासी गाण्यात तसं असतंच म्हणे. मी पेटीजवळ बसून ऐकायचे. माझी आई घाट चढतेय आणि या टाळ्या पिटतायत. 

शेवटचा घाव नावाचा. याहाचं नाव जमनी. मॅडमना वाटलं, नावाची जागा रिकामीच असते तर तिथे प्रमुख पाहुण्यांचं नाव घेऊ, त्यांचा मान होईल. पाहुणे म्हणजे शाळेला सभागृह बांधून देणारे शेठ. मी हात जोडले. म्हटलं मॅडम, तिथे मेलेल्या माणसाचं नाव घेतात, जित्या माणसाचं कसं घ्यायचं? त्या हसल्या. "अरे, हम लोग ऐसा सब नहीं मानते."

यांना मानायचं नव्हतं, तर मग गाणं तरी कशाला पाहिजे होतं? हे मी तेव्हा विचारलं नाही. ज्योतीची सीट माझ्या जिभेवर बसली होती.

तर त्या दिवशी माझ्या हाताशी रंग जुळवून सगळ्या जणी भील झाल्या आणि स्टेजवर गेल्या. भाड्याने आणलेले चांदीसारखे दागिने, गुडघ्यापर्यंत साड्या, केसात मोरपिसं. मला पुढे उभं केलं. पहिल्या रांगेत शेठ. ज्योतीला माझ्या नवऱ्याने मागे भिंतीपाशी आणलं होतं. मॅडम माईकवर म्हणाल्या, आज जंगल आणि शहर गळाभेट घेत आहेत.

गाणं सुरू झालं. दवाखान्याचं फाटक. उधना स्टेशन. रुळांवरचा पूल. व्यारा. नवापूर. टाळ्या पडू लागल्या. मग नावाची जागा आली आणि मॅडमनी मला हाताने खूण केली.

मी थांबले. खरंच सांगते, मी काही ठरवून गेले नव्हते. मी गाणार होते. पण समोर तो हसरा माणूस आणि मनात स्टेशनावर उभी असलेली माझी आई. तिच्या जागी त्याचं नाव घेऊन मी तिथून तिला हलवलं असतं तर ती कुठे गेली असती?

मी माईकमध्ये म्हटलं, "हे मयताचं गाणं आहे. माझी आई मेली. तिचं नाव जमनी आहे."

एवढंच ऐकू गेलं. माईक बंद केला कोणीतरी. पुढचं मी नुसतीच ओरडत राहिले. मागून वृंदाने गाणं उचललं, जोरात, टाळ्यांसकट. आणि त्या जागी शेठचं नाव घेतलं. ऊठ, निघ, मागे बघू नको. शेठनी उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

मी स्टेजवरून उतरले. कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. आवाज चढवला नाही. मला समजतं, तू भावनेच्या भरात होतीस, असं म्हणाल्या. पुढे बडोद्याला कार्यक्रम आहे, तिथे नीट गा, ज्योतीची सीट अजून आहे. बाहेर पायरीवर ज्योती बसली होती, त्याच खिडकीकडे तोंड करून.  

मग म्हटलं, "नाही गाणार."

"सोच ले. लड़की का नुकसान कर रही है."

"करते," मी म्हटलं, "पण आईला विकणार नाही."

नुकसान झालं, माझं कामही सुटलं. ते मी नाकारत नाही. ज्योती आता गोडादऱ्याच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत जाते. वर्गात पोरं दाटीने बसतात. मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवते, डोळे चुरचुरतात. नवरा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. पाड्यावर जाऊन याहाचे दिवस घातले, पण बाया म्हणाल्या, वाट भलत्याच्या नावाने मोडली, पोचली की नाही सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. हे दुःख माझ्याबरोबरच जाईल. आणि त्या बाया अजून गातात. त्यांचं गाणं फोनवरून फोनवर फिरत नवागामपर्यंत आलं. आमच्याच गल्लीत एका वाढदिवसाला वाजलं, टाळ्यांसकट. मी जाऊन बंद केलं. भांडण झालं, झालं तर झालं.

ते गाणं मला त्यांच्या तोंडातून काढून घेता येणार नाही. पण यापुढचं कुठलंही त्यांना मिळणार नाही. मी ज्योतीला शिकवायला घेतलंय. टिकल्या चिकटवताना एकेक ओळ. वाट नवागामच्या या खोलीपासून सुरू करायची, कारण मी इथेच मरेन. माझं नाव कुठे घालायचं तेही तिला दाखवलंय. ती रडली, तरी दाखवलं.

आणि सांगून ठेवलंय. उद्या कोणी शाळा देईल, नोकरी देईल, स्टेज देईल, खांद्यावर हात ठेवून गाणं मागेल. आधी विचारायचं, तुमच्या घरात कोण मेलंय? कोणी मेलं नसेल तर तोंड उघडायचं नाही.