आभार मानलेलं अन्न

जड अंगाच्या माणसाला रोज उचलून बसवायचं, पुसायचं, भरवायचं आणि पुन्हा निजवायचं, हे ज्याने केलंय त्याला मी दमले होते म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सुरुवातीला माझ्यात फार बळ होतं. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक येत, प्रार्थना करत, कोणी डबा आणत. मीही मोठ्या विश्वासाने बोलायचे. मग हळूहळू येणारे कमी झाले. त्यांचा दोष नाही, ज्याला त्याला आपलं घर आहे. ह्यांचा उजवा हात आणि पाय तसेच राहिले. बोलणं गेलं ते गेलंच, चार शब्द तेवढे उरले. मी प्रार्थना सोडली नाही, पण खरं सांगते, गुडघे टेकून डोळे मिटले की झोप यायची. पुढे पुढे तर ह्यांनी बरं व्हावं हेसुद्धा मागायचं राहून जाई. कोणीतरी यावं, "आता असं कर" म्हणून सांगावं आणि विचार करायचं काम माझ्या डोक्यावरून उतरवावं, एवढीच इच्छा उरली होती. अशा वेळी जो दारात येतो त्याला माणूस नीट निरखून बघत नाही.

माझ्या मदतीला एकच माणूस न चुकता यायचा, माझा थोरला भाऊ. आमचं माहेर पोलादपूरच्या बाजूला, कापडे गावाहून चढून गेलं की डोंगरावरच्या वाडीत. दादा तिथे भातशेती करतो, गोठ्यात म्हशी आहेत, मुलगे मुंबईला. लग्नानंतर मी ख्रिस्ती झाले तेव्हा त्याने बरीच वर्षं माझ्याशी अबोला धरला होता. पुढे महाडला पूर आला, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या घरातसुद्धा चिखल साचला, तेव्हा हा फावडं खांद्यावर टाकून दारात उभा राहिला. अबोला तिथेच संपला आणि त्याबद्दल आम्ही कोणीच काही बोललो नाही. ह्यांच्या आजारपणात तो दर शनिवारी सकाळच्या गाडीने उतरायचा. येताना किटलीत दूध असायचं, घरातले तांदूळ संपत आले असले तर पिशवीत तांदूळ. ह्यांना आंघोळ घालायचा, दाढी करायचा, चादरी पिळून वाळत टाकायचा आणि जेवून दुपारी परत जायचा. नव्या भाताचं पहिलं माप दादा गावदेवीपुढे ठेवतो आणि मग घरात घेतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी ते तांदूळ शिजवायचे, ताटावर प्रभूचे आभार मानायचे आणि आम्ही जेवायचो. गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनासभेत माझी पाळी आली की मी उभी राहून हेच सांगायचे. वाडीवरचा भाऊ, त्याचे तांदूळ, त्याचे हात. आभार मानण्यासारखं दुसरं माझ्याजवळ फारसं नव्हतंच.

एका गुरुवारी सभेला बाहेरगावचे एक ब्रदर आले. जिच्या घरी सभा भरायची त्या मंडळीतल्या बहिणीकडेच ते दोन दिवस उतरले होते. आवाज मऊ, कपडे साधे, बायबलचं शास्त्र तोंडपाठ. शेवटी एकेकीवर हात ठेवून ते प्रार्थना करू लागले. माझ्यापाशी आले आणि थांबले. डोळे मिटूनच म्हणाले, "बहिणी, डोंगराकडून तुझ्या घरात अन्न येतंय. ते मूर्तीपुढचं अन्न आहे. त्याच्या दोरीने तुझ्या नवऱ्याचा हात बांधलेला मला दिसतोय." या परक्या माणसाला माझ्या घरातले तांदूळ कसे कळले? नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं, की नुसते तांदूळ टाकून भागणार नाही, आणणाऱ्याशी नातं तोडावं लागेल, मग हात उठेल. आणि हे तुमच्या चर्चच्या पाळकांनासुद्धा बोलू नका, बोललं की विश्वास गळून जातो. त्यांनी पैसे मागितले असते तर मी तिथल्या तिथे सावध झाले असते, तेवढं शहाणपण माझ्यात होतं. पण त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि निघाले. ते ढोंगी होते असं मी आजही म्हणणार नाही. कदाचित त्यांनाही ते खरंच वाटत असेल. मला मात्र घरी येताना हलकं वाटत होतं, कारण काय करायचं ते अखेर कोणीतरी सांगितलं होतं.

शनिवारी दादा आला. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हटलं, "दादा, आता येत जाऊ नकोस." त्याला वाटलं, मी त्याच्या गुडघ्यांची काळजी करतेय. तो हसला, म्हणाला, "माझ्या गुडग्यांना काय नाय झालेलं. पाणी तापवलंस ना?" मग मला सगळं बोलावंच लागलं. आमच्या प्रार्थनेत अडथळा येतो, हे अन्न आम्हाला चालत नाही, वगैरे. पाठ केल्यासारखं बोलले. "काय चुकलं का गो बाय माझं?" एवढंच त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "दूध तरी ठेव, दाजींना लागंल," म्हणाला. तेही नको म्हटलं. त्याने पिशवी पुन्हा खांद्यावर घेतली आणि स्टँडकडे निघाला. आत ह्यांनी गादीवर डावा हात आपटायला सुरुवात केली होती. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मी आत जाऊन त्यांना म्हटलं, धीर धरा, तुमच्यासाठीच करतेय. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

पुढचे दिवस मी ह्यांच्या उजव्या हाताकडे बघण्यात काढले. बोट हललं का, मूठ वळली का. हात होता तसाच होता. मला वाटे माझाच विश्वास कमी पडतोय, म्हणून मी आणखी उपास धरले आणि आणखी दमले. एका सकाळी आंघोळ घालताना ह्यांचा पाय सरकला आणि मला घेऊनच ते खाली आले. मी ओल्या लादीवर अर्धी त्यांच्याखाली अडकून पडले. ओरडायलाही श्वास नव्हता. नेमका त्याच वेळी जिन्यात सिलिंडर आपटल्याचा आवाज झाला. गॅसची गाडी आली होती. दार नुसतं लोटलेलं होतं, तो माणूस आत आला, काही न विचारता ह्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं, खुर्चीत बसवलं आणि दोरीवरचा टॉवेल ओढून त्यांचं अंग पुसलं. मला म्हणाला, "ताई, ह्ये एकटीचं काम नाय. घरात कोन पुरुषमानूस नाय का?"

"आहे. भाऊ आहे," मी म्हटलं. विचार करून बोलले नव्हते, तोंडातून निघून गेलं.

"मंग बोलवा की त्याला," तो म्हणाला आणि रिकामं सिलिंडर खांद्यावर घेऊन उतरला. पाण्याचा पेलासुद्धा त्याने घेतला नाही.

दुपारी मी दुकानातल्या तांदळाचा भात ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांच्या उरलेल्या शब्दांत एक 'प्रभू' होता आणि एक 'आभार'. जेवणाआधी डावा हात ताटावर धरून ते हे दोन शब्द म्हणत, मी आमेन म्हणे आणि घास भरवे. त्या दिवशीही त्यांनी हात धरला. प्रभू म्हणाले, आभार म्हणाले. मी आमेन म्हटलं, तरी हात खाली येईना. ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता. मग ते म्हणाले, "दादा."

झटका आल्यापासून हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. डॉक्टरांना विचारलं तर ते काहीतरी कारण सांगतीलही, मी विचारलेलं नाही. मी ताटापुढे बसून राहिले आणि माझ्या ध्यानात आलं, की ही तर माझीच प्रार्थना आहे. प्रभू, दादाबद्दल आभार. दर गुरुवारी मी उभी राहून भरल्या खोलीत हेच बोलत होते, आणि ती यजमानीण बहीण समोर बसून ऐकत होती. ब्रदरांना डोंगर, तांदूळ, भाऊ कळायला आकाशवाणीची गरजच नव्हती. ज्या गोष्टीबद्दल मी देवाचे आभार मानले होते, तीच मला शाप म्हणून परत सांगितली गेली होती आणि मी ती खरी मानली. मला इतका राग आला, आणि तो मुख्यतः माझाच. मग मी खूप रडले. ह्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना ह्यांच्यापाशी बसवून मी निघाले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे कापड्यापर्यंत जीप, आणि मग चढण. पूर्वी मी ती पळत चढायचे. आता दर वळणावर बसत होते आणि दादाला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. शास्त्रातले आधार काढले, माफीची वाक्यं तयार केली. पोचले तेव्हा तो खळ्यात पेंढ्याच्या उडवीपाशी होता. मला बघून हातातलं टाकून धावत आला.

"दाजी बरं हायत ना?"

"बरे आहेत. म्हणजे, तसेच आहेत."

"मंग तू का आलीस चढून? निरोप धाडायचास, मी आलो असतो."

मी म्हटलं, "दादा, मीच तुला येऊ नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस," तो म्हणाला. "दमलेलं मानूस काय पन बोलतं गो." आणि वहिनीला हाक मारून त्याने पान वाढायला सांगितलं.

जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. वहिनीने भात वाढला. मी डोळे मिटले तेव्हा दादानेही हात आवरून धरला आणि मी आमेन म्हणेपर्यंत घास घेतला नाही.

परत आल्यावर मी पाळकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, हे कोणाला सांगू नका असं म्हणाले होते का? मी हो म्हटलं. ब्रदरांचाही एकदा फोन आला. हात हलला का, विचारलं. मी नाही म्हटलं. मग नातं तोडलं नसेल, असं म्हणाले. तोडलं होतं, पुन्हा जोडलं, एवढं सांगून मी नमस्कार केला आणि फोन ठेवला. आता कोणी देवाच्या नावाने काही सांगितलं की मी लगेच मान डोलवत नाही. हे ऐकून माझी माया कमी होणार आहे का, आणि हे मला लपवायला लागणार आहे का, एवढं बघते. आणि फार दमलेली असले तर काहीच ठरवत नाही, आधी कोणाला तरी सांगते.

ह्यांचा हात अजून उठलेला नाही. तो उठेल की नाही हे मी देवावर सोडलंय, आणि सोडलंय म्हणताना अजूनही थोडं दुखतं. मी वाडीवरून परतले त्याच्या पुढच्या शनिवारी दादा आला, किटली माझ्या हातात दिली आणि थेट मोरीकडे गेला. आतून पाण्याचा आवाज येत होता, दादा ह्यांना गावच्या म्हशींच्या गोष्टी सांगत होता आणि हे मधूनच हसत होते. मला करायला काही नव्हतं. प्रार्थना करावी म्हणून मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसले, पण काही मागण्याआधीच मला गाढ झोप लागली. दादाने मला उठवलं नाही. त्या झोपेबद्दल मी प्रभूची फार ऋणी आहे.