खोली जेवढी, फोटो तेवढा

अकरा मार्च, मंगळवार. शेहेचाळीस हजार दोनशे रोख मोजून कोपराताईने कॅमेऱ्याच्या दुकानातून एक लहानसं खोकं घेतलं आणि मोठा कॅमेरा, तीन लेन्स, दोन फ्लॅश असं सात किलोंचं बिऱ्हाड तिथेच सोडलं. त्या बिऱ्हाडाचे दुकानदाराने शहाण्णव हजार पाचशे धरले होते. बारा वर्षांची ओळख, म्हणून नोटा गल्ल्यात टाकण्याआधी त्याने पुन्हा एकदा विचारलं.

"ताई, याची लेन्स निघत नाही बरं का. झूमही नाही. पुढेमागे व्हायचं तर स्वतःच्या पायांनी."

"पाय आहेत मला."

"आणि हा वाइड नाही. तुमचं तर सगळं कामच वाइडचं."

"म्हणूनच घेतेय."

दुकानदाराला यातलं काही कळलं नाही. पण गिऱ्हाइकाचं सगळं कळलंच पाहिजे असं कुठे आहे? त्याने पावती फाडली.

कोपराताई भाड्याच्या घरांचे फोटो काढायची. एजंटाने किल्ली द्यायची, तिने रिकाम्या घरात जाऊन फोटो काढायचे, ते एजंटाने जाहिरातीत लावायचे. वाइड लेन्स लावली आणि खोलीच्या कोपऱ्यात पाठ चिकटवून उभं राहिलं की समोरची भिंत लांब पळते. त्यासाठी ती कधी दाराआड उभी राहिली, कधी मोरीत, आणि एकदा तर भिंतीतल्या कपाटात मांडी घालून बसली. ते पाहून एजंटानेच तिला हे नाव दिलं. तो स्वतः कमरेला शंभरेक किल्ल्यांचा जुडगा लावून फिरायचा, म्हणून ती त्याला चावीसाहेब म्हणायची. फिटंफाट. तिचं तीन चतुर्थांश काम त्याच्याकडून येत होतं.

फेब्रुवारीत ती एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर फोटो काढायला गेली, तर जिन्याच्या चौकात एक भलंमोठं टेबल उभं करून ठेवलेलं. शेजारी साठीचे एक गृहस्थ गळ्यात टेप अडकवून बसले होते. टेलरमास्तर. आदल्या दिवशीच दुसऱ्या गावाहून सामान घेऊन आले होते.

"मास्तर, टेबल बाहेर का?"

"आत राहायला तयार नाही. समजूत काढतोय त्याची."

त्यांनी खिशातून एक कागद काढला. जाहिरातीतला खोलीचा फोटो त्यांनी छापून घेतला होता आणि त्यावर पेन्सिलीने चौकोन आखले होते. एकात लिहिलं होतं 'खाट', दुसऱ्यात 'मशीन'. दार आणि खिडकी यांच्यामधल्या भिंतीला लागून सगळ्यात मोठा चौकोन होता, 'टेबल'. कापड बेतायला उजेड हवा, म्हणून टेबल तिथेच हवं होतं.

"फोटोत बघा, इथे सात फूट तरी जागा दिसतेय ना? माझं टेबल सहा फुटांचं. मी म्हटलं, वर एक फूट मोकळा राहील." मास्तरांनी गळ्यातला टेप काढून ताईच्या हातात दिला. "आता मोजून बघा."

ताईने मोजलं. साडेपाच फूट.

फोटोच्या तळाला तिचं नाव बारीक अक्षरांत छापलेलं होतं. ती बोलली नसती तर मास्तरांना कळलंही नसतं.

"हा फोटो मी काढलाय, मास्तर."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "उजेड छान आलाय," ते म्हणाले.

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अनामत भरली होती, जुनी जागा सोडली होती, आता परत जायचं कुठे? तीन दिवसांनी ती शेजारच्या घराच्या राहिलेल्या फोटोंसाठी आली, तेव्हा टेबल आत होतं. मास्तरांनी ते आठ इंच कापलं होतं. वरचा पृष्ठभाग तीस वर्षांच्या हातांनी काळाभोर गुळगुळीत झालेला आणि कापलेली कड पिवळीजर्द, ताजी.

"शर्टाला काही अडचण नाही," मास्तर म्हणाले. "लांब कोट बेतताना दोनदा सरकवावं लागेल, एवढंच."

"फोटोवरून खोली घेतलीत तुम्ही."

"चूक माझीच. आम्ही कापडाचा नमुना दाखवतो तेव्हा वर टेप ठेवतो. टेप नसला की गिऱ्हाइकाचे डोळे हवं ते शिवून घेतात. मला हे शहाणपण खोली घेताना सुचू नये!"

जिना उतरताना ताईच्या खांद्यावरची बॅग नेहमीपेक्षा जड झाली होती असं नाही. ती सात किलोच होती. पण बारा वर्षांत तिने किती खोल्या फुगवल्या असतील याचा हिशेब तिने पहिल्या मजल्यापर्यंत केला आणि तळमजल्यावर सोडून दिला. रस्त्यावर येईपर्यंत तिचं ठरलं होतं. वाइड लेन्स घरात ठेवली तर हात तिच्याकडे जाणारच, म्हणून लेन्स बदलता येणारा कॅमेराच नको. माणसाला उभं राहून जेवढं दिसतं, साधारण तेवढंच दाखवणारा कॅमेरा. पण तो उत्तम हवा. काम सोडायचं नव्हतं, फुगवणं सोडायचं होतं.

खोकं घेऊन ती घरी आली. सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"हत्ती देऊन मांजर आणलंस?"

"हत्ती रोज खोटं बोलायचा, आई."

"आणि मांजर काय सत्यवचनी?"

ताईने तिथल्या तिथे सासूबाईंच्या खोलीचा फोटो काढून त्यांना दाखवला. सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"माझी खोली एवढीशीच आहे?"

"एवढीच आहे."

"तरीच म्हटलं, झाडून इतक्या लवकर कसं होतं. आणि या एवढ्याशा डबीचे किती?"

ताईने आकडा सांगितला. सासूबाई उठून आत गेल्या आणि त्यांनी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी तिने एका रिकाम्या खोलीचे नव्या कॅमेऱ्याने फोटो काढले. खोलीच्या मध्यावर उभं राहून चारही बाजूंचे चार, आणि प्रत्येकात, उंचावरून फोटो काढायला ती सोबत बाळगायची ते लाकडी स्टूल. खाली ओळ: 'स्टूलची उंची दीड फूट.' दार आणि खिडकीमधली भिंत टेपने मोजून तोही आकडा लिहिला. फोटो आणि स्टूल घेऊन ती चावीसाहेबांच्या काचेच्या ऑफिसात गेली.

"ताई, हे फोटो आहेत की पंचनामा?"

"खोली आहे."

"आणि हे स्टूल? लोक खोली भाड्याने घेणार आहेत की स्टूल?"

"स्टूल बघून माणूस खोली मोजतो."

"अहो, माणसाने मोजू नये म्हणून तर फोटो लागतो!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते चावीसाहेबांच्याही लक्षात आलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"नव्या इमारतीची बावीस घरं आली आहेत. तुमच्यासाठीच ठेवली होती. पण असे फोटो देणार असाल तर चौकातल्या फोटोवाल्याला बोलावतो. त्याच्याकडे वाइड आहे. वाटलं तर त्याची लेन्स उसनी घ्या, मी सांगतो त्याला."

"लेन्स निघत नाही यातून."

"मग कॅमेराच उसना घ्या!"

बावीस घरं म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची कमाई. शेहेचाळीस हजारांचा खड्डा ताजा होता, सासूबाईंचा अबोलाही ताजाच. ताईने स्टूल उचललं. चावीसाहेबांना वाटलं ती निघाली. तिने ते टेबलासमोर ठेवलं आणि त्यावर बसली.

"निम्मी घरं त्याला द्या, निम्मी मला. सारखीच घरं, सारखंच भाडं. तीन आठवडे बघा. दर माझा नेहमीचाच."

"नेहमीचाच? खोल्या लहान दाखवून वर पूर्ण दर?"

"लहान मी दाखवत नाही. बांधणाऱ्याने बांधल्यात."

चावीसाहेब हसले, आणि हसला की माणूस निम्मा हरतो. अकरा घरं तिला मिळाली.

काम सोपं नव्हतं. एक स्वयंपाकघर इतकं अरुंद होतं की काही केल्या फोटोत मावेना. तिने ते दाराबाहेरून दोन तुकड्यांत घेतलं आणि तसं लिहिलं. सातव्या घरात सवयीने मागे सरकता सरकता तिची पाठ कोपऱ्याला टेकली. बारा वर्षांची खोड. ती तशीच क्षणभर उभी राहिली, मग स्टूल उचलून मधोमध आली.

तीन आठवड्यांनी चावीसाहेबांनी बोलावलं. पाय दुसऱ्या खुर्चीवर, गुडघ्याला पट्टा.

"त्याची अकरा घरं बघायला चौसष्ट माणसं आली. चौसष्ट! प्रत्येकाला घेऊन चौथा मजला चढायचा, आणि दारात उभा राहून माणूस म्हणतो, एवढीच? की उतरा खाली. चार घरं गेली."

"आणि माझी?"

"एकोणीसच माणसं आली." जणू तिनेच बाकीची लपवून ठेवली होती अशा सुरात ते म्हणाले. "सात घरं गेली. एक बाई तर टेप घेऊनच आली, भिंत मोजली आणि सही केली. असलं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे एका खोलीची घरं यापुढे तुमची. तिथेच माणसं दारातून परत जातात, आणि माझे गुडघे मला हवे आहेत. दोन खोल्यांची त्याला देईन. मोठ्या घरात थोडं फुगवलं तर खपतं."

"ते तुम्ही बघा. माझ्या फोटोत स्टूल राहणार."

"ठेवा हो स्टूल! वाटल्यास त्याला पगार द्या."

दोन खोल्यांची घरं गेली ती गेलीच. महिन्याची कमाई पाचव्या हिश्शाने घटली. ताईने स्टूलवाले फोटो दुसऱ्या एका एजंटाकडे नेऊन दिले. त्याचं अजून उत्तर नाही. सासूबाई बोलू लागल्या आहेत, पण कॅमेऱ्याला डबीच म्हणतात.

कॅमेऱ्यासोबत पिशवी आली नव्हती. एप्रिलच्या अखेरीला ताई मास्तरांकडे गेली. मास्तरांनी कॅमेऱ्याला टेप लावला, लांबी, रुंदी, लेन्सचा उंचवटा, सगळं वहीत लिहिलं आणि कोटाच्या उरलेल्या अस्तराची पिशवी बेतली. टेबलाच्या कापलेल्या कडेला आता रंग दिला होता, तरी बाकीच्या कडांशेजारी ती वेगळी ओळखू यायची.

"मास्तर, सुताराला सांगून आठ इंच परत जोडून घेऊ. खर्च माझा."

"कशाला? आता मावतंय ते." मास्तरांनी दात लावून दोरा तोडला. "ही घ्या. पाव इंच सैल ठेवलीय. घट्ट शिवलं की वस्तू बाहेर काढायचा कंटाळा येतो."

पिशवीचे साडेतीनशे झाले. ताईकडे सुटे दोनशे होते, ते तिने दिले. दीडशे अजून द्यायचे आहेत.