त्याचा डावा हात

सलमाआपांनी मागून ओढलं म्हणून माझा हात शाबूत आहे. शाळा अर्ध्यावर सोडून परमुलखात आलेल्या मला प्राणीबागेतलं काम त्यांनीच शिकवलं. “चिंपांझी डाव्या हाताने खाजवायला लागला, की आतून खवळलाय समज.” एकदा तो पिंजऱ्यात माझ्यासमोर बसलेला. माझ्या डावीकडचा त्याचा हात शांत दिसला, म्हणून मी केळं पुढे केलं. “अगं, त्याचा डावा, तुझा नव्हे!” आपांनी ओरडत मला खेचलं, त्याचे दात गजावर आपटले.

तेव्हापासून मी प्रत्येकाचा डावा हात बघते. “घरचीच आहेस तू,” म्हणताना बागेतला मुकादम डाव्या हाताने मान खाजवतो. आईला फोनवर “मजेत आहे” सांगताना माझीही डावी नखं चालतात. आपांजवळ मात्र माझा तो हात निवांत पडून असतो. वाचलेल्या हाताने एक दिवस त्यांना माझ्या गावी रांधून वाढीन.